त्रेसष्ट की चौसष्ट?

तीन घटकांच्या संचाला उपसंच किती? आंबा, केळे आणि पेरू असा संच घेऊ. एकेका फळाचे तीन उपसंच, दोन-दोन फळांचे तीन आणि तिन्ही फळांचा एक. बेरीज सात होते, पुस्तकातले उत्तर मात्र आठ असते. राहिलेला आठवा म्हणजे ज्यात एकही फळ नाही तो रिक्त संच. ‘रिक्त संच हा प्रत्येक संचाचा उपसंच असतो’ हे वाक्य विद्यार्थ्याने पाठ केलेले असते, तरी मोजताना तो हमखास निसटतो, कारण पाठ केलेले वाक्य आणि बोटांवर मोजलेल्या वस्तू यांची मनात गाठ पडलेली नसते. याला आपण निष्काळजीपणा म्हणतो आणि अर्धा गुण कापतो. माझ्या मते चूक मुलाची नाही, शिकवण्याच्या रीतीची आहे. उपसंच म्हणजे वस्तूंची जुडी, असे चित्र आपण त्याच्यापुढे ठेवतो. रिकाम्या जुडीला कोणी जुडी म्हणत नाही, म्हणून तो ती मोजत नाही. उपसंच म्हणजे प्रत्येक घटकाविषयी घेतलेला ‘हो’ किंवा ‘नाही’ हा निर्णय, अशी ओळख आधी करून दिली तर आठवा उपसंच वेगळा सांगावाच लागत नाही. आंब्याला नाही, केळ्याला नाही, पेरूला नाही, हाही इतर सातांइतकाच पुरता निर्णय आहे. ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. माळव्यात, परमार राजांच्या आश्रयाने, हजार वर्षांपूर्वी ती उलगडून लिहिली गेली, आणि तिचा अर्धा भाग आपली मुले आजही मराठीच्या तासाला शिकतात.

धार म्हटले की मराठी वाचकाला पवारांचे संस्थान आठवते, त्याआधीचा भोजराजा आठवतो. त्या भोजाचा चुलता वाक्पतिराज मुंज. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात माळव्यावर राज्य करणाऱ्या या परमार राजाच्या नावाचा तलाव धारमध्ये आजही आहे. हलायुध नावाचा पंडित आधी राष्ट्रकूटांच्या मान्यखेटला होता, तो पुढे मुंजाच्या आश्रयाला आला. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर त्याने ‘मृतसंजीवनी’ ही टीका लिहिली आणि तिच्यात मुंजाची स्तुतीही केली. पिंगलाची सूत्रे इतकी त्रोटक आहेत की नुसती वाचून काही हाती लागत नाही. हलायुधाने ती सोडवून दाखवली. प्रश्न असा होता की इतक्या अक्षरांच्या चरणात लघू आणि गुरू यांच्या रचना किती होतील? उत्तर शोधण्याची पहिली पायरी म्हणजे प्रस्तार, सगळ्या रचना एकाखाली एक मांडणे. एका अक्षराच्या दोनच ओळी होतात, गुरू आणि लघू. दोन अक्षरांसाठी याच दोन ओळी दोनदा लिहायच्या, वरच्या जोडीला पुढे गुरू जोडायचा आणि खालच्या जोडीला लघू. चार ओळी झाल्या. तीन अक्षरांसाठी या चार ओळी पुन्हा दोनदा लिहायच्या आणि तसेच करायचे. आठ ओळी झाल्या. पहिल्या ओळीत तिन्ही गुरू असतात, शेवटच्या ओळीत तिन्ही लघू. गुरू म्हणजे ‘घेतले’ आणि लघू म्हणजे ‘सोडले’ असे समजा, की हीच तीन घटकांच्या संचाच्या उपसंचांची यादी होते. प्रत्येक नव्या अक्षरामागे ओळी दुप्पट का होतात, हेही मांडतानाच दिसते.

या आठ ओळी मराठी शाळेला परक्या नाहीत. व्याकरणात वृत्ते शिकवताना ‘यमाताराजभानसलगा’ घोकून घेतले जाते आणि य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण मुले ओळखू लागतात. गण आठच का, सात किंवा नऊ का नाहीत, असे मात्र कोणी विचारत नाही. तीन जागा आहेत आणि प्रत्येक जागी दोन पर्याय आहेत, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ. हलायुधाच्या प्रस्ताराच्या क्रमाने हेच गण म, य, र, स, त, ज, भ, न असे येतात. घोकंपट्टीच्या त्या दहा अक्षरांतही मोठी युक्ती दडली आहे. कोणतीही लागोपाठची तीन अक्षरे उचला, एक गण मिळतो, आणि आठही गण त्यात नेमके एकेकदा येतात. एकाच शाळेत, एकाच इमारतीत, एका तासाला मूल आठ गण पाठ करते आणि दुसऱ्या तासाला तीन घटकांचे आठ उपसंच शोधताना अडखळते. दोन्ही एकच गोष्ट आहे, हे त्याला दोन्हीकडचे शिक्षक सांगत नाहीत. धार-देवासकडच्या शाळांत हा पाठ अकरावीत आणि हिंदीत येतो, संचाला तिथे समुच्चय म्हणतात, पण हलायुधाच्या माळव्यातसुद्धा गणिताच्या तासाला प्रस्ताराचे नाव निघत नाही.

मांडून झाल्यावर मोजणी. हलायुधाने पिंगलाच्या सूत्रावरून मेरू-प्रस्तार सांगितला. वर एक चौकोन, त्याखाली दोन, त्याखाली तीन, असा उतरत्या पायऱ्यांचा डोंगर. कडेच्या चौकोनांत 1 लिहायचा आणि मधल्या प्रत्येकात वरच्या दोन चौकोनांची बेरीज. सहा अक्षरांची ओळ येते ती 1, 6, 15, 20, 15, 6, 1 अशी, आणि बेरीज 64. सहा अक्षरांत एकही गुरू नसलेली रचना एक, एक गुरू असलेल्या सहा, दोन गुरू असलेल्या पंधरा, असा तिचा अर्थ. संचाच्या भाषेत सांगायचे तर सहा घटकांतून शून्य, एक, दोन, तीन घटक निवडण्याचे प्रकार. पास्कलने हाच त्रिकोण 1654 मध्ये मांडला. लग्नात म्हटली जाणारी मंगलाष्टके ज्या शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, त्याच्या चरणात 19 अक्षरे असतात, त्यांपैकी 11 गुरू. एकोणीस अक्षरांच्या चरणाच्या एकूण रचना 5,24,288 होतात आणि नेमके 11 गुरू असलेल्या 75,582. इतक्या शक्यतांतून कवींनी एकच चाल उचलली आणि पिढ्यान्‌पिढ्या गायली. निवड म्हणजे काय, हे कळायला आधी न निवडलेल्याचा पसारा डोळ्यांपुढे हवा.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सातच उपसंच मोजणारे मूल अगदीच चुकीचे असते का? या प्रश्नाचे उत्तम उत्तर भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’त मिळते. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात या घराण्याची वंशावळ आहे. भास्कराचार्यांच्या एका पूर्वजाला भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिल्याची नोंद तीत आहे, म्हणजे खानदेशातल्या या विद्येचा एक धागा थेट धारला पोचतो. लीलावतीत विचारले आहे की गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट या सहा रसांचे एकेक, दोन-दोन, तीन-तीन असे घेऊन किती मिश्रप्रकार होतील? उत्तर 63. सुश्रुतसंहितेतही रसांचे भेद 63 च आहेत. त्याच लीलावतीत दुसरा प्रश्न गायत्री छंदाच्या सहा अक्षरी चरणाचा आहे, आणि तिथे उत्तर 64. घटक सहाच, मोजणारा तोच, रीतही तीच, मग फरक एकाचा का? एकही रस नसलेला पदार्थ वैद्याच्या कामाचा नाही, म्हणून तो मोजला नाही. एकही गुरू नसलेला चरण मात्र खराखुरा चरण आहे, तो म्हणता येतो, म्हणून तो मोजला. आठ दरवाज्यांच्या राजवाड्याचे लीलावतीतले उदाहरणही असेच आहे. दरवाजे उघडे ठेवण्याचे प्रकार तिथे 255 येतात, सगळेच बंद असण्याची स्थिती धरलेली नाही. रिकामी निवड धरायची की नाही, हे प्रश्नाच्या अर्थावरून ठरते, आणि भास्कराचार्यांनी ते दोन्हीकडे जाणून ठरवले. आपण मुलाला ठरवायला लावत नाही, नियम ऐकवतो. सात हे उत्तर आले तर आधी ‘काय मोजलेस?’ असे विचारायला हवे. जेवायला फळे वाढायची असतील तर सात बरोबर आहे, उपसंच मोजायचे असतील तर आठ.

देवासकडे वळले की हीच गोष्ट सुरांत ऐकू येते. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे हे गाव रजब अली खाँसारख्या गवयांचे, आणि 1948 पासून 1992 पर्यंत कुमार गंधर्वांचे. हिंदुस्थानी संगीताच्या क्रमिक पुस्तकांत एका थाटातून 484 राग निघू शकतात, असा हिशेब असतो. तो उपसंचांचा हिशेब आहे. षड्ज सोडता येत नाही. उरलेल्या सहा स्वरांपैकी एकही वगळला नाही तर संपूर्ण जाती, तिचा एक प्रकार. एक स्वर वगळला तर षाडव, सहा प्रकार. दोन वगळले तर औडव, पंधरा प्रकार. एकूण 22. आरोहाचे 22 आणि अवरोहाचे 22 यांचा गुणाकार 484. मेरूच्या सहा अक्षरांच्या ओळीतले पहिले तीन आकडेच इथे भेटतात. यातला ‘एकही वगळला नाही’ हा प्रकार म्हणजे वगळलेल्या स्वरांचा रिक्त संच, आणि तोच तर संपूर्ण राग. थाटांचेही तसेच. षड्ज आणि पंचम अचल, बाकीच्या पाच स्वरांपैकी प्रत्येक एकतर शुद्ध किंवा विकृत, म्हणून शक्य थाट 32. भातखंड्यांनी त्यांतून दहा घेतले. त्या दहांत पाचही स्वर विकृत असलेला थाट नाही, पण एकही विकृत नसलेला बिलावल आहे, आणि शिकणाऱ्याची सुरुवात त्यानेच होते. गाण्यात रिकामी निवड कडेला ठेवलेला अपवाद नसून ज्या पायावर बाकीचे उभे राहते तो पाया आहे.

यावर गाणाऱ्यांचा आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. स्वरांच्या उपसंचाने राग होत नाही, असे ते म्हणतील. भूप आणि देसकार यांचे पाचही स्वर तेच, मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे सहाही स्वर तेच, तरी एकाला दुसरा कोणी म्हणणार नाही. कुमारांनी तर 484 च्या कोष्टकात बोट ठेवून राग शोधले नाहीत. माळव्याच्या लोकधुना ऐकता ऐकता त्यांना मालवती, सहेली तोडी यांसारखे राग गवसले. हे सगळे खरे आहे आणि माझ्या मुद्द्याला पूरकही आहे. संच घटकांचा क्रम विसरतो, त्यांचे वजन विसरतो, कोणावर किती थांबायचे हे विसरतो. काय काय विसरायचे हे आधी कबूल केल्यामुळेच तो मोजता येतो. भूप आणि देसकार यांचे उदाहरण विद्यार्थ्याला संचाची व्याख्या जितकी नेमकी शिकवेल, तितकी पुस्तकातली व्याख्या शिकवणार नाही, कारण संचाला कुठे मर्यादा पडते हे त्यात ऐकू येते. मोजणी शक्यतांचे अंगण आखून देते. त्यात कुठे रांगोळी काढायची, हे ती सांगत नाही आणि तसा तिचा दावाही नाही.

दुसरा आक्षेप गणिताच्या बाजूने येतो. रिक्त संचाचा एवढा बाऊ कशाला? व्याख्या सांगा, नियम सांगा, पुढे चला. तर्काच्या दृष्टीने रिक्त संच उपसंच ठरतो, कारण त्यात असा एकही घटक नाही जो मूळ संचात नाही. हे निर्दोष आहे, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ही शब्दांची कसरत वाटते. प्रस्तारातून मिळणारे कारण वेगळे आणि हाताला लागणारे आहे. रिक्त संच काढून टाकला तर एक, दोन, तीन, चार घटकांसाठी आकडे 1, 3, 7, 15 असे येतात आणि ‘दुप्पट करून एक मिळवा’ असा वाकडा नियम लागतो. तो ठेवला तर 2, 4, 8, 16, निव्वळ दुप्पट. ‘नाही’ लाही मोजणीत जागा लागते, हे व्यवहारालाही कळलेले आहे. 1829 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रेल लिपीच्या चौकटीत सहा ठिपके असतात. ठिपके उठवण्याचे 63 प्रकार, आणि एकही ठिपका नसलेली चौसष्टावी चौकट शब्दांमधली मोकळी जागा दाखवते. ती नसती तर वाक्य वाचताच आले नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर मतदान यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आले, आणि ते पहिल्यांदा वापरणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेश होता. धार आणि देवासच्या मतदाराने त्या वर्षी रिकाम्या निवडीची नोंद होताना पाहिली. ते मतही मोजून जाहीर होते.

तिसरा आक्षेप वेळेचा. याद्या मांडत बसलो तर दहा घटकांच्या 1024 ओळी कोण लिहिणार, आणि अभ्यासक्रम कधी संपणार? कोणी लिहू नयेत. चार घटकांपर्यंतच्या सोळा ओळी एकदा हाताने लिहिल्या की पुरे, पुढे दुप्पट होण्याचे कारण कळलेले असते आणि सूत्र आपसूक येते. पिंगलालाही ही अडचण होती, म्हणून त्याने छोटी वाट दिली. अक्षरांची संख्या सम असेल तर निम्मी करायची आणि खूण म्हणून 2 लिहायचे, विषम असेल तर एक वजा करून शून्य लिहायचे, आणि शेवटी उलटे येत शून्याला दुप्पट, 2 ला वर्ग. सहासाठी खुणा 2, 0, 2, 0 अशा पडतात. उलटे येताना 1 चे 2, त्याचा वर्ग 4, दुप्पट 8, वर्ग 64. मोठ्या घातांची गणिते संगणकही याच धर्तीवर करतो. वराहमिहिराने उज्जैनच्या परिसरात सहाव्या शतकात 16 सुगंधी द्रव्यांतून चार-चार निवडून 1820 मिश्रणे होतात असे लिहिले, तेव्हा त्याने काही 1820 कुप्या भरून पाहिल्या नसणार. मांडणीने समज येते, सूत्राने वेळ वाचतो. आपण क्रम उलटा केला, म्हणजे सूत्र आधी आणि समज जमली तर. पश्चिमेत 1957 च्या स्पुटनिकनंतर ‘नवे गणित’ म्हणून संचांची भाषा शाळांत आणली गेली, आणि व्याख्या आधी, वस्तू नंतर या क्रमामुळेच तिच्यावर टीकेची झोड उठली. संच टाकून देणे हा त्यावरचा उपाय नव्हता, क्रम सुधारणे हा होता.

एक सावधगिरी आपल्याच बाजूची. हलायुधाचे नाव घेतले की ‘सगळे आमच्याकडे आधीच होते’ अशी आरोळी उठायला वेळ लागत नाही. तसे नाही. मेरूसारखा त्रिकोण इराणात आणि चीनमध्येही आपापल्या वाटेने सापडला. आणि हलायुधाकडे संचाची कल्पना नव्हती, छंदाचा प्रश्न होता. ती कल्पना एकोणिसाव्या शतकात गेओर्ग कँटरने उभी केली आणि 1891 मध्ये त्याने सिद्ध केले की संच अनंत असला तरी त्याच्या उपसंचांचा समुदाय त्याच्याहून मोठाच असतो. त्या सिद्धतेचा गाभाही प्रत्येक जागी ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिण्यात आहे. माळव्यातल्या टीकाकाराचा प्रस्तार आणि जर्मन गणितज्ञाची सिद्धता एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत. एक मूल पहिल्यापासून निघून दुसऱ्यापर्यंत चालत जाऊ शकते, आणि शाळेने ती वाट मोकळी ठेवावी एवढेच मागणे आहे. पूर्वजांची नावे भिंतीवर लावून तो रस्ता तयार होत नाही. त्यांची रीत फळ्यावर आली तर होतो.

त्यासाठी नवा विषय किंवा वेगळा निधी लागत नाही. वर्षातून एक तास मराठीच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा. फळ्यावर तीन उभे रकाने आखावेत, आठ ओळी मुलांनीच भराव्यात आणि प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी लिहाव्यात, गणाचे नाव आणि उपसंच. तिन्ही गुरूंचा म-गण म्हणजे संपूर्ण संच. मग य, र, स, त, ज, भ. शेवटच्या ओळीत तिन्ही लघू, एकही घटक घेतलेला नाही, आणि त्या गणाचे नाव आहे ‘न’. छंदःशास्त्राने या ‘न’ ला आठांतला एक म्हणून कायम मोजले आहे. गणिताच्या तासालाही तो मोजला जावा.